कडेचे तीन धागे

मला कारखान्यात घेतलं त्या दिवशी मालकांनी माझी मार्कलिस्ट बघितली आणि मास्तरांनी माझी कॉलर. मी ऑफिसात उभा होतो, मागून कोणीतरी आलं, मानेला थंडगार बोटं लागली आणि माझ्या नव्या शर्टाची कॉलर उलटी झाली. "शिवन चांगली हाय," मागचा आवाज म्हणाला, "ठेवा ह्याला." मालक हसले आणि त्यांनी मला ठेवून घेतलं. मी मोडनिंबचा, बी.कॉम. होऊन सोलापुरात आलेला. शहरात माणूस असाच पारखतात की काय, असं मला दोन दिवस वाटत होतं.

मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत. अक्कलकोट रोडला आमचा चादरी आणि टॉवेलचा कारखाना, तिथले ते ग्राफ मास्तर. चादरीवर मोर, कमळ, देऊळ जे काही उमटायचं असेल ते आधी चौकटीच्या कागदावर एकेक चौकोन भरत काढावं लागतं. एक चौकोन म्हणजे एक धागा. त्या कागदावरून पुठ्ठ्याच्या पट्ट्यांना भोकं पाडायची आणि त्या पट्ट्या मागाच्या डोक्यावर बसवलेल्या जकार्डवर चढवायच्या. कोणता धागा कधी उचलायचा, ते जकार्ड त्या भोकांवरून ठरवतं. चाळीस वर्षं मास्तरांनी हे चौकोन भरले. त्यांची घरची भाषा तेलुगू, बाजारातली मराठी, कारखान्यातली दखनी, पण शिवी कुठल्याच भाषेत नाही. रागावले की ब्लेड घेऊन पेन्सिलीला टोक काढत बसायचे. टेबलाखाली सालींचा ढीग दिसला की आम्ही त्या बाजूनं जायचोच नाही.

'बसायचे' म्हटलं ते उगीच. ते बसलेले मला आठवतच नाहीत. उंच, काटकुळा माणूस, चहासुद्धा फेऱ्या मारत प्यायचा. चहा संपला की कप उपडा करून बुड बघायचं. नवी खुर्ची आली की वाकून तिच्या खाली डोकं घालायचं. लग्नात कुणी शाल पांघरली तर नवरानवरीआधी शालीची उलटी बाजू. त्यांच्या मुलीला बघायला पाहुणे आले तेव्हा मास्तरांनी व्याह्यांच्या पंच्याची पाठ बघितली होती, असं कारखान्यात सांगत. मी भीत भीत विचारलं, तर शांतपणे म्हणाले, "पंचा न्हवं, उपरनं." आणि मग त्यांचं ते नेहमीचं, "तोंड समदेच धुतेत नायना, पाठ बघावी." नायना म्हणजे तेलुगूत बाळा. खुशीत असले की मी नायना, नाहीतर नुसताच बे.

त्यांचा चीनवरचा राग पुढे गाजला, पण सगळ्यात जुना राग ब्लँकेटवर होता. ते मऊ, केसाळ, गुलाबाची मोठमोठी फुलं छापलेलं ब्लँकेट बाजारात आलं आणि आमच्या चादरीची सद्दी संपली. मास्तरांच्या गल्लीतले माग एकेक करून भंगारात गेले. त्यांच्या थोरल्या भावानं माग विकून पाणीपुरीची गाडी घातली. मुलीच्या सासरकडून दिवाळीला नेमकं तसलंच ब्लँकेट आलं, तर मास्तरांनी ते दोन्ही बाजूंनी पाच मिनिटं न्याहाळलं आणि बायकोला म्हणाले, "ह्याला पाठच न्हाई. ज्याला पाठ न्हाई त्याचा काय भरवसा?" थंडीभर ते चादरच पांघरून कुडकुडले.

मग ते वर्ष आलं. लडाखच्या बाजूला, बर्फाच्या मुलखात चिनी सैन्याशी झटापट होऊन आपले जवान मारले गेले आणि सोलापूर पेटून उठलं. खरं सांगायचं तर मीही पेटलो होतो. तोवर चीन म्हणजे माझ्या लेखी स्वस्त चार्जर आणि नूडल्स. त्या आठवड्यात पहिल्यांदा मी नकाशा उघडून आपली वरची सरहद्द बोटानं गिरवली. मोबाईलमधली चिनी ॲप काढून टाकली आणि ती काढल्याचं स्टेटस ठेवलं. रिक्षांवर झेंडे लागले, दुकानांत 'चिनी माल मिळणार नाही' अशा पाट्या लागल्या, आणि त्या पाट्यांवरचे दिवे चिनी आहेत हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. शेजारी दांडगा आहे हे आधीही माहीत होतं. आता त्याच्याकडे मान वर करून बघायचं असं सगळ्यांनी एकदमच ठरवलं, आणि त्यात एक बरं वाटणं होतं, ते मी नाकारणार नाही.

नवी पेठेत टीव्ही फोडायचा कार्यक्रम होता. एका दुकानदारानं जुना टीव्ही आणून रस्त्याच्या मधोमध ठेवला, घोषणा झाल्या, एकानं हातोडा उचलला. तेवढ्यात गर्दीतून मास्तर पुढे घुसले, टीव्ही दोन्ही हातांनी फिरवला आणि त्याची पाठ वाचली.

"थांबा की," ते म्हणाले. "ह्यो आपला हाय. नोएडाचा."

हातोडावाल्याचा हात वरच राहिला. कुणीतरी म्हणालं, "आजोबा, बाजूला व्हा, फोटो काढायचाय." मास्तर हलेनात. "आपल्याच मानसांनी केलेलं फोडून चीनला काय लागनार हाय?" मग त्यांनी खिशातून स्वतःची टॉर्च काढली, उलटी करून सगळ्यांना वाचायला दिली, खाली ठेवली आणि चपलेच्या टाचेनं तिचा चुरा केला. "ही चिनी. आजपासून चिनी वस्तूला हात लावनार न्हाई. सिद्धरामेश्वराची आन." फोटो कुणी काढला नाही. टीव्हीवाला टीव्ही उचलून परत घेऊन गेला.

बाकीच्यांचा राग पावसाळ्यात विरला, मास्तरांचा नाही. मोबाईल मुलीला देऊन टाकला, त्यामुळे काही निरोप असला की मला सायकल दामटत त्यांच्या घरी जावं लागायचं. भिंतीवरचं घड्याळ उतरवलं. हे सगळं आम्ही हसण्यावारी नेलं. पण एक दिवस त्यांनी धागे मोजायच्या भिंगाचं बुड बघितलं आणि त्यांचा चेहराच पडला. ते भिंग त्यांच्याकडे वीस वर्षं होतं. ग्राफ मास्तरानं भिंग टाकणं म्हणजे सोनारानं काटा टाकणं. त्यांनी ते रुमालात गुंडाळून माझ्या ड्रॉवरमध्ये ठेवलं आणि तेव्हापासून अंगठ्याच्या नखानं धागे मोजायला लागले. मला त्या दिवशी हसू आलं नाही.

आता मालकांची अडचण सांगायला हवी. तंटा व्हायच्या आधीच त्यांनी चीनहून कॉम्प्युटरवर चालणारी जकार्ड मागवली होती. पुठ्ठा नाही, भोकं नाहीत, डिझाईन पेनड्राईव्हमध्ये. बाहेरदेशच्या हॉटेलांचे टॉवेल विणायचे तर ती लागणारच होती. जहाज आलं, लाकडी खोकी आली, पण ती जोडून देणाऱ्या इंजिनियरला व्हिसाच मिळेना. खोकी शेडमध्ये महिनोन्‌महिने पडून राहिली, त्यांच्यावर मांजर व्यालं. जुन्या मागांना ऑर्डर नव्हती. एका दुपारी मालकांनी सगळ्यांना बोलावून सांगितलं, "दिवाळीपर्यंत ही मशिनं फिरली तर फिरली. न्हाईतर शेड गोडाऊनला देऊन टाकतो. माझंबी घर हाय." आम्ही बेचाळीस जण होतो. सगळे मास्तरांकडे बघायला लागले. जकार्डच्या शेकडो दोऱ्या कुठल्या हुकाला कशा बांधायच्या, हे त्या छपराखाली एकाच माणसाला कळत होतं, आणि त्यानं आण घेतली होती.

मास्तर तीन दिवस त्या खोक्यांभोवती फिरले. सकाळी, जेवणाआधी, सुट्टी व्हायच्या वेळी. हात पाठीमागे बांधलेले. माझ्या टेबलाशी यायचे, काहीतरी बोलणार असं वाटायचं आणि परत फिरायचे. चौथ्या दिवशी म्हणाले, "हात लावायचा न्हाई अशी आन हाय. बोलायचं न्हाई अशी न्हाई." आणि हात पाठीमागेच ठेवून फिटरला म्हणाले, "खोल खोकी. आधी मांजर हलव."

मशीन कंपनीनं व्हिडिओ कॉलवर एक म्हातारा चिनी इंजिनियर दिला होता. पांढरे केस, अंगात बंडी, शेजारी चहाच्या पाल्याचं पाणी भरलेली काचेची बाटली. मधे सुरतच्या एजंटाकडची एक मुलगी, तिचा फक्त आवाज. ती त्याचं चिनी बोलणं आम्हाला हिंदीत सांगायची आणि आमचं त्याला चिनीत. मोबाईल मी धरायचा. पहिल्या दिवशी मास्तर मोबाईलकडे पाठ करून उभे राहिले. विचारायचं ते मला विचारायचे, मी मुलीला, मुलगी त्याला. त्या म्हाताऱ्यानं दिवसभर मास्तरांची पाठच बघितली.

तिसऱ्या दिवशी त्याला कापडाचा एक तुकडा दाखवायचा होता. त्यानं तो टेबलावरून उचलला, उलटा केला, डोळ्यांजवळ नेऊन पाठ बघितली आणि मगच कॅमेऱ्यासमोर धरला. मास्तर तिरक्या नजरेनं बघत होते. चहाच्या वेळी माझ्याजवळ येऊन हळूच म्हणाले, "पाठ बघतो की बे त्यो." ते त्यांना आवडलं की खुपलं, मला कळलं नाही. त्या दिवशी त्यांनी पाच पेन्सिलींना टोकं काढली.

अकरा दिवस असे गेले. मास्तर शिडीशेजारी हात मागे बांधून उभे, वर फिटर, हातात दोऱ्या. "दुसरी न्हाई, तिसरी. डावीकडनं. गाठ कशाची म्हंतोस त्याला, ते फासा हाय." फिटर वैतागून म्हणायचा, "मास्तर, हात लगाव ना जरा. कौन देखतंय?" मास्तर म्हणायचे, "मी हाय की बघायला."

शेवटची पायरी अशी की, नमुना विणायचा, त्याच्या दोन्ही बाजूंचे फोटो पाठवायचे, मग इंजिनियर पाहून पास करणार आणि कंपनी पासवर्ड देणार. पासवर्डशिवाय मशीन तासाभरात बंद पडायचं. मालकांनी नमुन्याला कमळाचं डिझाईन काढून ठेवलं होतं. मास्तरांनी मला त्यांचा स्वतःचा ग्राफ आणून दिला. छत्रीच्या खोळीतून काढलेला, घरी भरलेला. भारताचा नकाशा, वर लडाख, उजवीकडे पार अरुणाचलचं टोक, एकेक चौकोन पेन्सिलीनं काळा केलेला.

"मास्तर, मालक काय म्हणतील?"

"टॉवेलावर न्हाई काढलेला. टॉवेलानं लोक पाय पुसतेत. हे भितीवरचं हाय." मग जरा वेळ फेऱ्या मारून म्हणाले, "शेजारी दांडगा असला की आपली कड घट्ट इनावी लागती. त्याच्याच मशिनीवर इनायची, त्याला दावायची. त्यो काय बोलतो ते बोलू दे. मला बोलायचं हाय त्येच्याशी." त्यांनी उत्तरंसुद्धा तयार केली होती. वहीच्या पानावर, पहिलं, दुसरं, तिसरं. मी नकाशा कॉम्प्युटरमध्ये भरला. मला तेव्हा फार अभिमान वाटत होता, आपण काहीतरी करतोय असा.

कापड विणून उतरलं आणि मास्तर नारळ आणायला बाहेर गेले. तेवढ्यात मालक आले. त्यांनी कापड बघितलं आणि खुर्चीवर बसले. "अरे, त्यांच्या देशात असले नकाशे फाडून टाकतेत म्हनं. त्या म्हाताऱ्यानं वर कळवलं तर पासवर्ड काय, फोनबी उचलायचे न्हाईत. बेचाळीस मानसं हायत की रे." दुसरं काही विणायला वेळ नव्हता, कॉल दहा मिनिटांवर होता. मालक माझ्याकडे बघत राहिले. मग म्हणाले, "दुमड जरा."

मी दुमडलं. वरून चार बोटं, उजवीकडून दोन. लडाख आत गेलं, अरुणाचल आत गेलं. घडी बसावी म्हणून वरून नख फिरवलं. दोन्ही बाजूंचे फोटो काढले आणि पाठवले. पुढून कापड झकास दिसत होतं. मागून घडी उघडीच दिसत होती, तिच्याकडे माझं लक्षच नव्हतं. एवढी वर्षं मास्तरांजवळ काढून मी तोंडच धूत होतो.

कॉल लागला. म्हातारा फोटो मोठे करून बघत होता. मग बोलला, आणि सुरतची मुलगी म्हणाली, "अंकल बोल रहे हैं, पीछे कपड़ा मुड़ा हुआ है. पूरा खोलिए. किनारा देखे बिना पास नहीं होगा."

मालक म्हणाले, "बोलो, किनारा अच्छा है."

"वो बोल रहे हैं, खोलिए."

दारात मास्तर नारळ घेऊन उभे होते. कधी आले होते कोण जाणे. मी त्यांच्याकडे न बघता कापड उलगडलं आणि पाठ कॅमेऱ्यासमोर धरली. म्हातारा पडद्याजवळ आला, इतका की त्याच्या भुवयांतले केस दिसायला लागले. मालक सिद्धरामेश्वराचं नाव घेत होते. मास्तर पुढे आले, पहिल्यांदाच मोबाईलसमोर तोंड करून उभे राहिले, खिशातून वहीचं पान काढलं. इतके दिवस पाठ दाखवणारा आणि पाठ बघणारा असे ते दोघं समोरासमोर आले.

म्हातारा दोन वाक्यं बोलला. मुलगी म्हणाली, "पीछे से बायीं तरफ, एकदम किनारे पे, तीन धागे उठ नहीं रहे. चित्र वहाँ पे तीन धागे कम है."

पाठीकडून डावी म्हणजे तोंडाकडून उजवी. अरुणाचलचं टोक.

मास्तरांनी पान खिशात घातलं. कापड माझ्या हातातून घेतलं, कडेला अंगठ्याचं नख लावलं आणि मोजायला लागले. एकदा मोजलं, दोनदा मोजलं. "खरं हाय," म्हणाले, आणि त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही. भिंग असतं तर त्यांना ते आधीच दिसलं असतं. फिटर शिडीवर चढला. अगदी शेवटच्या तीन दोऱ्या, चौकटीच्या कोपऱ्यात, त्याचा पंजा आत जाईना. गाठ मारली ती सुटली, परत मारली ती परत सुटली. "मास्तर, ये मेरे से नै होता," तो खाली उतरत म्हणाला. "ये तुमकोच बांदना."

मास्तर शिडीखाली उभे राहिले. हात पाठीमागे होते, आणि बोटं एकमेकांत अडकवून ती पांढरी पडलेली मला दिसत होती. पलीकडे म्हातारा बाटलीतलं पाणी प्यायला आणि थांबून राहिला. मग मास्तरांनी चपला काढल्या, देवळात काढतात तशा बाजूला लावल्या, आणि शिडी चढले. दोन्ही हात त्या मशीनमध्ये घातले. घरात बापानं शिकवलेली विणकराची गाठ, एक, दोन, तीन. खाली उतरले तेव्हा कोपरापर्यंत ग्रीस लागलं होतं.

नमुना परत विणला. टोक पुरं आलं. म्हाताऱ्यानं पाठ बघितली, कड बघितली, अंगठा वर केला आणि दुपारी पासवर्ड आला. नकाशाबद्दल तो एक अक्षर बोलला नाही. कारखान्यात पेढे वाटले. मास्तरांनी पेढा घेतला आणि तो तसाच हातात धरून फिरत राहिले.

त्यानंतर त्यांना चैन पडेना. रोज माझ्या टेबलाशी यायचे. "त्याला दिसलं असंल का बे? का त्याला निस्ते धागेच दिसले?" दुसऱ्या दिवशी, "त्या पोरीनं गाळलं असंल मधलं." तिसऱ्या दिवशी, "दिसून गप बसला असंल, तर का बसला?" मी म्हणायचो, सोडा हो मास्तर, काम झालं की. ते मान हलवायचे आणि परत फेऱ्या सुरू. भांडायला सगळी तयारी करून गेलेल्या माणसाला समोरच्यानं चूक दाखवून दिली, तीही बरोबर चूक, याचं काय करायचं ते त्यांना कळत नव्हतं. वर्षभरात त्यांनी काम सोडलं. पुठ्ठ्याच्या पट्ट्या रद्दीत गेल्या. मशिनं अजून फिरतात, मी अजून तिथेच आहे.

परवा त्यांच्या घरी गेलो होतो. भिंतीवर दुसरा नमुना लावलेला, पुरा, कडेपर्यंत. बायकोनं चहा दिला. मास्तर थकलेत, पण बसत नाहीत. मी सहज विचारलं, "मास्तर, चीनवरचा राग कमी झाला का?"

"कशाला कमी हुईल? भांडन जमिनीचं हाय, ते ऱ्हाईल." ट्रंक उघडून त्यांनी पहिला नमुना काढला, तीन धागे कमी असलेला, आणि माझ्या मांडीवर पसरला. वरून चार बोटांवर आणि उजवीकडून दोन बोटांवर घडीची रेघ होती. "पानी मारलं, इस्तरी केली. जाईना ही." त्यांनी माझं बोट धरून त्या रेघेवर ठेवलं. आवाजात राग नव्हता, त्यानंच मला जास्त लागलं.

"त्यो खोल म्हनला, नायना. दुमडलास तू."